बारा वाट्या आणि तेलाचं बोट

माझ्या डाव्या खुब्यात आता एक वाटी आहे. सून चार माणसांत सांगते, "आमच्या आईंजवळ घरातलं सगळ्यात भारी भांडं आहे." मी म्हणते, "हाव, आणि तुला ते घासावं पण लागत नाही."

ही वाटी आत बसली तेव्हा मी जागी होते. तिचा आवाज ऐकला. पण त्याच्या आधी दोन वर्षं नाही-नाही करत पलंगावर काढली, आणि हो म्हटलं ते देवासच्या एका कारखान्यात, माझ्याच हातून झालेल्या घोटाळ्यानंतर. तेच सांगते.

आम्ही धारचे. मराठ्यांच्या फौजेबरोबर गाडे आले, गाड्यांबरोबर सुतार आले, त्या सुतारांतलं आमचं घर. सासरे चाकं करायचे, मग आमचे हे करायचे. बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध तुंबा असतो, लाकडाचा गोल गड्डा. त्याला भोकं पाडायची आणि भोकांत आरे ठोकायचे. आरा भोकापेक्षा केसभर जाड पाहिजे. सैल राहिला तर चाक मनावर गावच्या बाजारापर्यंत पण पोचणार नाही. वरून लोखंडाची धाव चढवायची, ती चाकापेक्षा जराशी लहानच करायची. गोवऱ्यांच्या आगीत लाल झाली की पसरते, तशीच चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची आणि लगेच पाणी. चर्रर्र करून अशी आवळते की आतलं लाकूड कण्हतं. पाणी ओतायचं काम माझं. मुलगा पोटात होता तरी नववा महिना लागेपर्यंत ओतलं. कोणी बस म्हटलं नाही, मी पण बसले नाही.

हे आरा ठोकायचे तेव्हा मी तुंबा धरून बसायचे. पहिले घाव भद, भद असे पडतात. आरा जागेवर बसला की आवाज फिरतो, ठण्ण होतो. त्याच्यावर एक घाव पण जास्त मारायचा नाही, नाही तर तुंबा तडकतो. ह्यांचे कान लवकर गेले, ठोकाठोकीच्या धंद्यात जातातच. मग हे विचारायचे, "बसला का?" आणि मी म्हणायचे, "बसला." इतकंच आमचं दिवसभराचं बोलणं. भांडायला पण वेळ नसायचा.

मग गाड्यांना रबराचे टायर आले. लाकडाचं चाक कोण घेणार? दुकान रिकामं झालं आणि दोन वर्षांत हे पण गेले. मुलगा पाच वर्षांचा. मी विटा वाहिल्या, गिट्टी फोडली, पुढे मोहनखेड्याला यात्रेकरूंच्या भोजनशाळेत पोळ्यांवर लागले. सकाळपासून दुपार होईपर्यंत उभी, एका पायावर जोर टाकून. तोच पाय पुढे गेला. आता त्याला तरी काय दोष द्यायचा, त्याने आपलं काम केलं.

एका सकाळी नळावरून बादली उचलली नी डाव्या पायाने सांगितलंच, आता नाही. इंदूरच्या डॉक्टरने फोटो काढला. म्हणाला, मांडीच्या हाडाचा गोळा झिजला आहे आणि तो ज्या वाटीत फिरतो ती वाटी पण झिजली आहे, दोन्ही बदलू. मी विचारलं, नवी वाटी हाडात चिकटवतात कशाने? तो म्हणाला, चिकटवत नाही माँजी, ठोकून बसवतो.

ठोकून! मी तिथूनच चपला शोधायला लागले.

कारण माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहतात. त्यांचा खुबा माझ्या आधी बदलला होता. चार महिने छान चालल्या, मग एक दिवस आत काही तरी हललं आणि पुन्हा काठीवर आल्या. त्यांच्या डॉक्टरने सांगितलं, हाड भुसभुशीत होतं, वाटीने धरलं नाही, पुन्हा करावं लागेल. त्या पुन्हा गेल्याच नाहीत. दाराशी खुर्ची टाकून बसतात नी येणाऱ्या-जाणाऱ्याला खबर देतात. मला म्हणाल्या, "तू पण घाल लोखंड. मग भंगारवाला आला की दोघी मिळून हाक मारू."

मी म्हटलं, "तुमचं वजन जास्त भरेल, बाई. तुम्ही पुढे व्हा."

हसलो दोघी. पण घरी येऊन मी मुलाला सांगून टाकलं, मला नाही करायचं.

आता माझी नात. मुलाची एकुलती एक, इंजिनियर झाली. मराठी बोलते झकास, वाचायला दिलं तर शाळेतल्या पोरासारखी बोट ठेवून वाचते. देवासला कारखान्यांच्या भागात नोकरीला आहे. काय करते म्हणून विचारलं तर सून म्हणायची, "काही तरी टेस्टिंग." लग्नाचं स्थळ आलं तरी तेच सांगायची. खरं काय ते मला कळलं ती दिवाळीला आली तेव्हा. माझ्या पलंगावर बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, "आजी, तुला जी वाटी घालायची ना, मी रोज तीच बसवते आणि तीच उखडते."

"उखडतेस कशाला?"

"किती जोर लावला की उखडते ते बघायला."

"मग उखडते ना?"

"जोर लावला तर उखडणारच."

"बघ! मी काय म्हणत होते!"

"अगं पण किती जोर! तू ऐकत तर नाहीस पूर्ण." ती चिडली. मग तिने मला समजावलं. वाटी बाहेरून खरबरीत असते, टाकी मारलेल्या जात्यासारखी. काही महिन्यांनी हाड वाढून त्या खरबरीतपणात शिरतं, मग ती हलत नाही. पण तोपर्यंत तिला धरायला दुसरं कोणी नसतं. भोक जरा लहान, वाटी जरा मोठी, त्या आवळण्यावर तिने टिकायचं. ही पहिली पकड. ती पक्की आहे की नाही, हे बघायचं तिचं काम.

धाव चढवणं आणि हे, वेगळं काय होतं? पण पोरीला लगेच कशाला सांगायचं.

नंतरचं वर्ष असंच गेलं. मी भिंत धरून मोरीपर्यंत जायचे, पुढे तेवढं पण कोणी तरी हाताला धरल्याशिवाय होईना. डॉक्टर म्हणाला, अजून उशीर केला तर मांडीचं मांस सुकून जाईल, मग वाटी बदलून पण उभ्या राहणार नाहीत. हे मुलाने मला सांगितलं नाही, भिंतीपलीकडे सुनेला सांगितलं. माझे कान ह्यांच्यासारखे गेलेले नाहीत.

नवरात्र आलं तेव्हा नात धारला आली आणि मला उचलून गाडीत घातलं. "आठ दिवस माझ्याजवळ राहा. एकदा बघ डोळ्यांनी. मग नाही म्हटलंस तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

देवासला तिची खोली खालच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी ती मला कारखान्यात घेऊन गेली. तिचे साहेब इथलेच, मालवी माणूस, डोक्याला टक्कल आणि पोट शर्टाच्या पुढे. मी मनात म्हटलं, मला बाहेर काढतात आता. त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. "माँजी, तम यां बैठो. मशीन से जरा दूर."

टेबलावर ठोकळे मांडले होते. पिवळट पांढरे, हलके, हात लावला तर चहाच्या टोस्टसारखे. नात म्हणाली, हे खोटं हाड. खरं हाड एका माणसाचं दुसऱ्यासारखं नसतं, म्हणून पहिली परीक्षा ह्याच्यात. घट्ट ठोकळा म्हणजे जवान हाड, भुसभुशीत म्हणजे म्हाताऱ्याचं.

"माझं कोणतं?"

तिने भुसभुशीत उचलला. मी नखाने टोकरलं तर पीठ पडलं. "आजी, नख लावू नकोस!" "अगं माझंच हाड आहे ना?" साहेब खो-खो हसले.

मग तिने गोल खवणीसारखं हत्यार फिरवून ठोकळ्यात खड्डा केला, अगदी साफ, कुंभाराने केला असावा असा. वाटी त्याच्यावर ठेवली आणि हातोडी घेतली. भद. भद. भद. माझी मान आपोआप तिकडे वळली. भद. ठण्ण. तिने पुन्हा हातोडी उचलली तशी मी म्हटलं, "अगं थांब! बसली ना."

तिने खाली वाकून बघितलं. ठोकळ्याच्या बुडाला एक बारीक छेद असतो, तिथून पातळ पट्टी घालून फट राहिली आहे का ते तपासतात. पट्टी गेली नाही. तिने साहेबांकडे बघितलं.

साहेबांना मजा वाटली. त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मी पाठमोरी, नात ठोकते, मी सांगते. पाच वाट्या सांगितल्या, पाची बरोबर. साहेब म्हणाले, "माँजी, तम तो कारीगर निकल्या!" मी म्हटलं, "कारीगर तो हमारे ये थे. मैं तो बस पकडके बैठती थी."

मग उखडण्याचं काम. वाटीत एक दांडा घट्ट बसवायचा आणि मशीनने तो दांडा बाजूला ओढायचा. तिकडे कॉम्प्युटरवर एक रेघ चढत जाते, देवासच्या माताजीच्या टेकरीसारखी. जोर वाढतो तशी टेकरी उंच होते, आणि वाटी सुटली की रेघ धप्पकन कोसळते. कुठपर्यंत चढली पाहिजे, तिथे साहेबांनी एक आडवी रेघ मारून ठेवली होती. टेकरी त्याच्यावर गेली तर पास.

दिवसभर बघितलं. कधी वर गेली, कधी काठावर राहिली. जेवताना नातीने विचारलं, "मग?"

मी म्हटलं, "माझ्या हाडाचे बारा ठोकळे घे. माझ्या मापाच्या बारा वाट्या. बाराच्या बारा पास झाल्या तर मी इंदूरला जाईन. एक पण पडली तर मला धारच्या बसमध्ये बसवायचं आणि पुन्हा खुब्याचं नाव नाही."

"आजी, बारापैकी बारा फार होतात गं."

"चाकाला बारा आरे असतात. एक सैल असला तर गाडी चालते का?"

तिने पाण्याचा ग्लास ठेवला. "ठीक आहे. त्या मापाची टेस्ट दसऱ्याच्या आदल्या दिवशी आहेच. पण मग मागे फिरायचं नाही."

मी होकार दिला. वरून दगडासारखी बसले होते. पास व्हावं असं वाटत होतं, आणि होऊ नये असं पण. उभं राहायची आशा सोडून दिली की माणूस निवांत असतो. ती पुन्हा धरायची म्हणजे कामच वाढवून घ्यायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नातीने बारा ठोकळे ओळीने मांडले, बाराही खड्डे करून तयार. तेवढ्यात साहेबांनी तिला बाहेर बोलावलं, कुठलं तरी सामान आलं होतं. मी एकटी, आणि समोर बारा नवीन भोकं. कोरडी.

आमच्या घराची एक रीत आहे. नवीन भोकाला पहिलं लोखंड किंवा लाकूड लागायच्या आधी तेलात कालवलेलं कुंकू लावायचं. एक बोट. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिलं काम हेच शिकवलं होतं. कोरड्या भोकात खुंटी मारू नये. आणि त्यात उद्या दसरा, हत्यारांचा दिवस, आणि ही भोकं तर एका परीने माझ्याच हाडाची. माझ्या पिशवीत कुंकवाची डबी असते, आणि पायाला चोळायच्या तिळाच्या तेलाची बाटली पण. मी टेबल धरत-धरत उभी राहिले.

तुंब्याला आम्ही ते बाहेरून लावतो, भोकाच्या कडेला. पण इथे पांढऱ्या ठोकळ्यावर लाल बोट लगेच दिसलं असतं नी पोरगी ओरडली असती. म्हणून मी हुशारी केली. आत लावलं, खड्ड्याच्या भिंतीला. वाटी बसली की झाकून जाईल, देवाला कळेल आणि साहेबांना कळणार नाही. बाराही भोकांत एक-एक बोट. तेल जरा जास्तच झालं बहुतेक, माझा हात उदार आहे. मग गुपचूप येऊन खुर्चीत बसले आणि पदराने बोट पुसलं.

नात आली. पहिली वाटी ठोकली. आवाज आज गुळगुळीत वाटला, ठण्ण झाला पण उशिरा आणि मवाळ. दांडा लावला. टेकरी चढली, अर्ध्यावर गेली आणि कोसळली. आडवी रेघ वरच राहिली.

नातीने माझ्याकडे बघितलं नाही. दुसरी लावली. तीही अर्ध्यावर. तिसरी तर त्याच्याही खाली.

पोरीचे ओठ पांढरे पडले. साहेब चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनजवळ गेले. कालपर्यंत वर जाणाऱ्या रेघा आज लोळत होत्या.

मी म्हटलं, "बस्स झालं, बाळा. मला बसमध्ये बसव." आवाज माझा स्थिर होता, सांभाळायची सवय आहे. पण खरं सांगते, त्या घडीला कळलं की मला उभं राहायचं होतं. किती राहायचं होतं ते तोपर्यंत मला पण माहीत नव्हतं. जाऊबाईंच्या दाराशी मी दुसरी खुर्ची टाकून बसले आहे असं दिसायला लागलं.

तेवढ्यात साहेबांनी तिसरी वाटी उचलून उलटी केली. तिचा खरबरीत भाग लाल.

"यो लाल कंई है?" त्यांनी बोट लावलं, वास घेतला. "खून?"

नातीने आधी आपले हात बघितले, कुठे कापलं का म्हणून. मग तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या पदराकडे. पदरावर लाल डाग.

गप्प राहिले असते तर माझी शर्त मी जिंकली असती. घरी गेले असते, नाही म्हणायला कायमचं कारण मिळालं असतं. पण पोरीच्या कामावर बट्टा लागला असता, आणि कुंकवाखाली खोटं लपवायचं म्हणजे किती झालं तरी... नाही.

"ते खून नाही," मी म्हटलं. "कुंकू आहे. तेलातलं."

"कुठे लावलंस?"

"आत."

"किती?"

"बाराला."

"आजी!!" एवढी ओरडली की बाहेरचा चौकीदार डोकावून गेला. "अगं तेल! तेल घातलंस तू! पकड बघायच्या भोकात तेल!"

साहेब स्टुलावर बसले आणि हसायला लागले. पोट धरून. डोळ्यांतून पाणी. "बिटिया, हूँ तो वाटी बनाने वाली कंपनी ने फोन करने वालो थो, के तमारी वाटी खराब है!" पुन्हा हसले. "नी याँ माँजी तेल-सिंदूर चढई ने बैठी है!"

मी म्हटलं, "तेल लावलं की आरा पण सटकतो, हे मला माहीत होतं. म्हणून तर आम्ही बाहेरून लावतो."

"मग आत का लावलंस?"

"तू ओरडशील म्हणून."

मग तिला पण हसू फुटलं. राग होता, पण हसू मोठं होतं.

नवीन ठोकळे काढून पुन्हा बारा खड्डे करायला दुपार झाली. तोपर्यंत मला टेबलापासून लांब खिडकीशी बसवलं होतं. कुंकवाची डबी साहेबांच्या खिशात, तेलाची बाटली कपाटात, कुलूप लावून. नात म्हणाली, "दोन्ही हात मांडीवर ठेव. मला दिसले पाहिजेत." मी शाळेतल्या मुलीसारखी बसले. अशी शाळेत पण कधी बसले नव्हते, चौथीतच सोडली होती.

पहिली वाटी. भद, भद, ठण्ण. टेकरी चढली, आडवी रेघ ओलांडली, वर गेली, मग कोसळली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. प्रत्येक वेळी नात मोठ्याने आकडा म्हणायची, जुळं झाल्यासारखा साहेबांचा चेहरा फुलायचा. सहावीला चहा आला, कोणी प्यायला नाही. दहा झाल्या.

अकरावीला तिने हातोडी खाली ठेवली नी दांडा घ्यायला वळली. मी म्हटलं, "अजून नाही."

"काय नाही?"

"बसली नाही. भदच वाजली शेवटची."

तिने बुडाच्या छेदात पट्टी घातली. पट्टी सर्रकन आत गेली. फट होती. घाईत तिने तपासायचं राहून गेलं होतं. साहेब म्हणाले, पूर्ण बसवल्याशिवाय ओढायचं नाही हा तर नियमच आहे, मार. तिने एक घाव मारला. ठण्ण. टेकरी वर गेली.

बारावी सगळ्यांत उंच गेली.

नात येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसली, खाली फरशीवर, साहेबांसमोर. मी तिच्या केसांतला पांढरा भुसा झटकला. म्हटलं, "चला, इंदूर."

पण एक गोष्ट मनात राहिली होती ती मी साहेबांना विचारली. हा ठोकळा कोरडा. माझ्या आत तर रक्त असणार, चरबी असणार. मग ते पण तेलच झालं ना?

साहेबांचं हसू थांबलं. म्हणाले, बरोबर विचारलंत. चांगला डॉक्टर भोक धुतो, कापडाने पुसून कोरडं करतो, मगच ठोकतो. आणि मग ते नातीकडे वळले, "वो तेलवाला नौ बच्या है नी? फेंकजे मत. वो भी खींच." उरलेले नऊ तेलवाले ठोकळे त्यांनी वेगळे मांडून, त्यांत वाट्या ठोकून ओढले. सगळ्या टेकऱ्या बुटक्या, पण नुसती सपाट जमीन एक पण नाही. काही ना काही धरलं होतं प्रत्येकीने. नातीने ते कागदावर वेगळं लिहिलं. मी विचारलं, "कुंकू लिहिलंस?" "नाही. फक्त तेल लिहिलं." "कुंकवाने काय बिघडलं होतं?" "आजी, चूप."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मशीनची पूजा मीच केली. साहेबांनी डबी परत दिली आणि बजावलं, बाहेरून. मी त्यांच्या हातात सोनं दिलं, आपट्याचं पान. त्यांनी ते शर्टाच्या खिशात पेनाच्या बाजूला ठेवलं.

दिवाळी झाल्यावर इंदूरला गेले. कमरेत सुई दिली, खालचं अंग दुसऱ्याचं झालं. छातीसमोर हिरवा पडदा लावला. पडद्यापलीकडे डॉक्टर, अलीकडे मी आणि एक नर्स.

मी म्हटलं, "डॉक्टरसाब."

"बोलो माँजी. डर लग रहा है?"

"डर नहीं. गड्ढा पोंछ लेना, फिर ठोकना."

डॉक्टर पडद्यावरून डोकावले. मग ते म्हणाले, "पोंछ लूँगा. आपको किसने बताया?"

"मैंने खुद तेल डालके देखा है."

त्यांना काय समजलं देव जाणे. खवणीचा आवाज आला, घर्र घर्र. मग पाण्याचा. मग काही वेळ काहीच नाही, तेव्हा पुसत असतील. आणि मग घाव. दुखत काही नव्हतं, पण सगळं अंग खाटेसकट हलत होतं, जसं तुंबा धरलेल्या माझ्या हातांतून पूर्वी हलायचं. भद. भद. मी डोळे मिटले. मला आमचे हे दिसले, मांडी घालून बसलेले, हातात हातोडा, माझ्या तोंडाकडे बघत. भद. भद.

ठण्ण.

"बसली!" मी म्हटलं. मोठ्याने, मराठीत.

हातोडी थांबली. "क्या कहा माँजी ने?"

नर्सने सांगितलं. डॉक्टरांनी काही तरी हलवून बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "हाँ. बैठ गई."

हिवाळा संपेपर्यंत मी वॉकर सोडला, मग काठी. एक दिवस सकाळी कोणाला न सांगता घरातून निघाले, तीन घरं चालत जाऊन जाऊबाईंच्या दाराशी उभी राहिले. त्यांनी मला खालून वर बघितलं.

"हलते का?"

"नाही."

"भंगारवाला?"

"त्याला सांगितलंय, तुमच्याकडूनच घेऊन जा."

त्या हसल्या नाहीत. माझ्या पायाकडे बघत राहिल्या. मग खुर्चीचा हात चाचपत हळू आवाजात म्हणाल्या, "माझा मुलगा म्हणतो, पुन्हा करून घ्या. मी हो म्हटलं तर तू आत येशील का माझ्याबरोबर? ऐकायला?"

"आत नाही येऊ देत, बाई. मी बाहेर दाराशी बसेन." मी त्यांच्या उंबऱ्यावर न टेकता उभीच होते, मुद्दाम. "ऐकायचं तुम्हीच. सोपं आहे. आधी सांगून ठेवा, पुसून घ्या म्हणून. भद भद वाजेल तोवर गप्प पडून राहायचं. ठण्ण झालं की ओरडायचं."

"काय ओरडू?"

"मराठीत काही पण ओरडा. नर्स सांगते त्यांना."